ओसरीतला कापूस आणि अर्थशास्त्रातला शहाणा माणूस

२०२३ च्या मार्चमध्ये गावी गेलो, तर आप्पाच्या घरात बसायला जागा नव्हती. ओसरीपासून मधल्या खोलीपर्यंत, पार छताला टेकेल एवढा कापूस रचलेला. लहान पोरांच्या हातापायांवर पुरळ उठलं होतं आणि वहिनी आप्पाच्या नावानं बोटं मोडत होती. आप्पा माझा चुलत भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. गाव अमळनेर तालुक्यातलं, जमीन काळी, पीक मुख्यतः कपाशीचं. त्या दिवशी क्विंटलला भाव आठ हजारांच्या आसपास होता. पण आदल्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला होता, आणि खान्देशात ते कुणीच विसरायला तयार नव्हतं. अर्ध्या गावाच्या घरात असाच कापूस पडून होता.

"दहा हजारना भाव देखेल शे मी," आप्पा म्हणाला. "त्याना खाले इकनार नही."

मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे नको तिथं प्रश्न विचारायची खोड आहे. म्हटलं, "आप्पा, समज हा कापूस तुझ्या घरात नाहीच. त्याऐवजी तेवढे रोख पैसे तुझ्या हातात आहेत. मग आज बाजारातून आठ हजारांनी कापूस विकत आणून या ओसरीत रचला असतास का?"

आप्पानं माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं. "मी काय येडा शे का, मास्तर?"

आता गंमत बघा. हमाली आणि गाडीभाडं सोडलं, तर घरातला कापूस न विकणं आणि आजच्या भावानं विकत घेऊन घरात ठेवणं, यांचा शेवट एकच. दोन्हीकडे घरात कापूस आहे आणि हातात पैसे नाहीत. एका वाटेनं तिथं पोचायला आप्पा तयार, दुसऱ्या वाटेनं म्हटलं तर तो वेडेपणा. अर्थशास्त्रात ज्याला 'विवेकी निवड' म्हणतात, तिचा सगळा मामला या एका खोलीत भरलेला होता.

'विवेकी' हा शब्द ऐकला की आपल्यासमोर धोरणी, काटकसरी, हिशेबी माणूस उभा राहतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला विवेकी माणूस तसा असेलच असं नाही. कुणी चार एकरांचं उत्पन्न सारंगखेड्याच्या यात्रेत एका घोड्यावर उधळलं, तरी अर्थशास्त्र त्याला नावं ठेवत नाही. आवड ज्याची त्याची. मागणं फक्त एवढंच की आवडीनिवडी एकमेकींना खोट्या पाडणाऱ्या नसाव्यात.

त्यासाठी दोन अटी सांगतात. पहिली, समोर दोन गोष्टी ठेवल्या तर हे जास्त आवडतं, ते जास्त आवडतं किंवा दोन्ही सारखीच, यातलं काहीतरी एक सांगता आलं पाहिजे. दुसरी अट साखळीची. भरीत शेवभाजीपेक्षा आवडतं आणि शेवभाजी डाळ-बट्टीपेक्षा आवडते, तर भरीत डाळ-बट्टीपेक्षा आवडलंच पाहिजे. साखळी सरळ जावी, तिचं कडं होऊ नये.

कडं झालं तर काय बिघडतं, हे बैलबाजारात चांगलं कळतं. समजा एका शेतकऱ्याला तांबड्यापेक्षा पांढरा बैल आवडतो, काळ्यापेक्षा तांबडा आवडतो आणि पांढऱ्यापेक्षा काळा. त्याच्याकडे तांबडा आहे. व्यापारी म्हणतो, वर पाचशे दे, पांढरा घेऊन जा. देतो. मग म्हणतो, आणखी पाचशे दे, त्याच्या बदल्यात काळा घे. तेही देतो. पुन्हा पाचशे दिले की काळ्याऐवजी तांबडा. रुमालाखाली तीनदा बोटं दाबली गेली, दीड हजार गेले आणि दावणीला बैल पहिलाच. व्यापारी दमेपर्यंत हे चालू राहील. प्रत्यक्षात इतका भोळा शेतकरी मला तरी कुठल्या बाजारात भेटलेला नाही, तिसऱ्या फेरीला कुणीही व्यापाऱ्याची कॉलर धरेल. पण युक्तिवाद म्हणून तो पक्का आहे.

बैलाच्या रंगावरून कुणी असं फिरत नाही हे खरं. पण वस्तूला दोन-तीन अंगं असली की भलेभले फिरतात. माझ्या भाचीसाठी तीन स्थळं आली होती. एक रावेरकडचा केळीचा बागायतदार, दुसरा जळगावचा शिक्षक, तिसरा पुण्याला कंपनीत. ताईनं तीन गोष्टी बघायचं ठरवलं होतं: पैसा, स्थैर्य आणि मुलीला पुढं शिकायला मिळेल का. पैशात केळीवाला पहिला, पुणेकर दुसरा, शिक्षक तिसरा. स्थैर्यात सरकारी पगाराचा शिक्षक पहिला, मग केळीवाला, कारण जमीन कुठं पळून जात नाही, आणि शेवटी पुणेकर, कंपनी उद्या नारळ देईल. शिक्षणाच्या सोयीत पुणे पहिलं, जळगाव दुसरं, केळीचं गाव शेवटी.

ताई जोड्या लावायची. केळीवाला आणि पुणेकर यांच्यात केळीवाला तीनपैकी दोन गोष्टींत सरस. पुणेकर आणि शिक्षक यांच्यात पुणेकर दोन गोष्टींत सरस. मग शिक्षक तर बादच झाला म्हणावं, तर शिक्षक आणि केळीवाला समोरासमोर ठेवले की शिक्षक दोन गोष्टींत सरस! ताई रोज रात्री फोनवर वेगळं नाव सांगायची आणि आम्ही तिला चंचल म्हणायचो. ती चंचल नव्हती. तिची मोजायची रीतच कडं करणारी होती.

केनेथ मे नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं १९५४ साली जवळजवळ हाच प्रयोग छापला होता. कॉलेजातल्या ६२ विद्यार्थ्यांपुढं त्यानं तीन काल्पनिक स्थळं ठेवली, बुद्धी, रूप आणि पैसा यांत अशीच फिरवाफिरवी केलेली, आणि दोन-दोनच्या जोड्यांत निवडायला सांगितलं. त्यातले १७ जण गोल फिरले.

ताईच्या घरी पुढं आणखी एक अंक झाला. दाजी म्हणायचे पैसा बघा, आजोबा म्हणायचे स्थैर्य, मामा म्हणायचा शिक्षण. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी सरळ, कुणाच्याही डोक्यात कडं नाही. पण घरात मत घेतलं की दोन विरुद्ध एकनं पुन्हा तोच गोल. फ्रान्सच्या कोंदोर्सेनं १७८५ मध्ये मतदानातला हा पेच दाखवून दिला होता. केनेथ ॲरोनं १९५१ मध्ये त्याच्या पुढं जाऊन सिद्ध केलं की पर्याय तीन किंवा जास्त असले, तर सगळ्यांच्या सरळ पसंत्यांमधून समूहाची सरळ पसंती हमखास काढून देणारी आणि न्याय्य वाटणाऱ्या काही साध्या अटीही पाळणारी पद्धत असूच शकत नाही, एकाच माणसाचा शब्द अखेरचा मानला तरच जमतं. त्याला १९७२ चं नोबेल मिळालं. आमच्याकडं तो एक माणूस म्हणजे आजोबा. गावाला, पक्षाला, देशाला 'काय हवंय' असं आपण सहज बोलून जातो, तेव्हा मला ॲरो आठवतो. ज्याला मन एक नाही, त्याच्याकडून सुसंगतीची अपेक्षा कशी करायची?

भाचीला सगळ्यात शेवटी विचारलं. ती पहिल्या दिवसापासून पुणे म्हणत होती.

आता मनात काय आहे हे कळायचं कसं? पॉल सॅम्युएलसननं १९३८ मध्ये, वयाची तेविशीही पूर्ण व्हायच्या आत, एक लेख लिहून सांगितलं की मनात डोकावायची गरजच नाही, पिशवीत बघा. माणसानं कोणत्या भावाला काय घेतलं आणि परवडत असूनही काय सोडलं, यातून त्याची पसंती बाहेर येते. याला 'प्रकट पसंती' म्हणतात. आकडे घेऊन बघू, एकदा हे हातानं मांडलं की पुन्हा विसरत नाही.

आईचा आठवडे बाजार. पहिल्या आठवड्यात वांगी २० रुपये किलो, टोमॅटो ४०. आईनं १ किलो वांगी आणि ३ किलो टोमॅटो आणले. झाले १४०. दुसऱ्या आठवड्यात भाव उलटे झाले, वांगी ४०, टोमॅटो २०. आईनं ३ किलो वांगी आणि १ किलो टोमॅटो आणले. पुन्हा १४०. आता दुसऱ्या आठवड्याची पिशवी पहिल्या आठवड्याच्या भावानं मोजा: तीन किलो वांग्यांचे ६० आणि टोमॅटोचे ४०, एकूण १००. म्हणजे ती परवडत होती, तरी आईनं ती सोडून पहिली पिशवी घेतली. आता उलटं करा. पहिली पिशवी दुसऱ्या आठवड्याच्या भावानं: वांग्यांचे ४०, तीन किलो टोमॅटोचे ६०, पुन्हा १००. तीही परवडत होती, तरी सोडली. पहिल्या आठवड्यानं सांगितलं पहिली पिशवी दुसरीपेक्षा प्यारी, दुसऱ्यानं नेमकं उलटं. सॅम्युएलसनच्या हिशेबात आई नापास.

पुढं १९५० मध्ये हाउथॅकरनं दोनच नव्हे तर कितीही पिशव्यांची साखळी तपासायची अट मांडली. १९६७ मध्ये सिडनी आफ्रियतनं दाखवलं की खरेदीच्या यादीत असा विरोध कुठंच नसेल, तर ते सगळे व्यवहार एखाद्यानं ठरावीक आवडीनुसार जास्तीत जास्त समाधान शोधून केले असावेत, असे मांडता येतात. 'मांडता येतात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. बाजारात कुणी मनात समीकरण सोडवत बसतं, असा अर्थशास्त्राचा दावा नाही. तो गैरसमज माझे विद्यार्थी दरवर्षी नव्यानं करून घेतात. अशीच तपासणी अमेरिकेत मुलांवर करून २००१ मध्ये छापली गेली. सात वर्षांच्या मुलांच्या निवडीत विरोध बरेच होते, पण अकरा वर्षांची मुलं जवळपास कॉलेजातल्या पोरांइतकी सुसंगत निघाली. सुसंगतीसाठी पदवी लागत नाही, हे आमच्या गावातल्या कुणीही सांगितलं असतं.

मात्र पिशवी बघून मन ओळखायच्या रीतीत एक खोट आहे. खरिपाच्या तोंडावर युरियाची गोणी मागायला जा, दुकानदार सोबत सूक्ष्म अन्नद्रव्याची एक बाटली माथी मारतो. त्याला सगळे 'लिंकिंग' म्हणतात. ती घेतली नाही तर गोणी 'संपलेली' असते. पावतीवर बाटली आहे, पैसे मोजलेले आहेत, म्हणून ती शेतकऱ्याची पसंती? आमच्या गोठ्यात अशा चार बाटल्या सील न फोडता पडून आहेत.

आणि आई खरंच नापास आहे का? पहिल्या आठवड्यात नातवंडांसाठी टोमॅटोचं सॉस करून ठेवायचं होतं. दुसऱ्या आठवड्यात शेतात भरीत पार्टी होती, तुरीच्या काड्यांवर वांगी भाजून, पंधरा माणसं जेवायला. पिशवी मोजणाऱ्याला पार्टी दिसत नाही. त्याच्या वहीत 'वांगी' म्हणजे वांगी.

हा धागा अमर्त्य सेन यांनी फार छान धरला. निवडीची आतल्या आत सुसंगती तपासायची, बाहेरचं काहीच बघायचं नाही, ही कल्पनाच लंगडी आहे, असं त्यांनी १९९३ मध्ये विस्तारानं मांडलं. त्यांचं उदाहरण फळांच्या परडीचं आहे. आपल्या मातीत ते असं होईल. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाहुणे म्हणून गेलात, ताटात शेवटचा एकच आंबा उरलाय. तुम्ही 'नको, पोट भरलं' म्हणता. तेच ताटात दोन आंबे असते, तर एक उचलला असता. कागदावर ही विसंगती आहे, कारण आंबा घ्यायचा की नाही हे दुसऱ्या आंब्यावर का अवलंबून असावं? पण वहिनीच्या घरात शेवटचा आंबा उचलणं आणि दोनातला एक उचलणं ही वेगवेगळी कृत्यं आहेत. विसंगती तुमच्यात नाही, 'आंबा' एवढंच लिहिणाऱ्याच्या वर्णनात आहे.

माझं स्वतःचं मत असं की कुणाची निवड उलटसुलट दिसली तर आधी आपलं वर्णन तपासावं, माणसाला मागाहून तपासावं. शेतकऱ्यांना अडाणी ठरवणाऱ्या शहरी चर्चांमध्ये ही पहिली पायरी कुणी चढतच नाही.

पण या पळवाटेलाही हद्द आहे. प्रत्येक वेळी 'वर्णनच वेगळं होतं' म्हणायला लागलो, तर जगात कुणीच कधी चुकणार नाही. १९८१ मध्ये अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं: एका साथीत ६०० माणसं दगावतील अशी भीती आहे. एका उपायानं २०० नक्की वाचतील. दुसऱ्या उपायानं सगळे वाचण्याची शक्यता तीनात एक, कुणीच न वाचण्याची तीनात दोन. ७२ टक्के लोकांनी खात्रीचा उपाय घेतला. दुसऱ्या गटाला तोच प्रश्न मरणाच्या भाषेत विचारला: एका उपायानं ४०० नक्की मरतील, दुसऱ्यानं कुणीच न मरण्याची शक्यता तीनात एक आणि सगळे मरण्याची तीनात दोन. आता ७८ टक्क्यांनी दुसरा, जुगाराचा उपाय निवडला. ६०० पैकी २०० वाचणं आणि ४०० मरणं यात एका जिवाचाही फरक नाही. इथं वर्णनाची सबब चालत नाही.

मग खरी विसंगती कुठली आणि दिसायला विसंगती कुठली, हे ओळखायचं कसं? मला यात एक जुनी गोष्ट उपयोगी वाटते. १९५२ मध्ये पॅरिसला मोरिस आले या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञानं लिओनार्ड सॅव्हेज या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाला एक कोडं घातलं. रकमा बदलून, चिठ्ठ्यांच्या रूपात ते असं होतं. घड्यात शंभर चिठ्ठ्या आहेत. पहिला प्रश्न: शंभरही चिठ्ठ्यांवर एक कोटी, हे घ्याल, की ८९ चिठ्ठ्यांवर एक कोटी, १० वर पाच कोटी आणि एक कोरी? बहुतेकांसारखा सॅव्हेज यांनी खात्रीचा कोटी घेतला. दुसरा प्रश्न: ११ चिठ्ठ्यांवर एक कोटी आणि बाकी कोऱ्या, की १० वर पाच कोटी आणि बाकी कोऱ्या? इथं त्यांनी पाच कोटींकडं उडी मारली. पण दोन्ही प्रश्नांत ८९ चिठ्ठ्या दोन्हीकडं सारख्याच आहेत, पहिल्यात कोटीच्या, दुसऱ्यात कोऱ्या. त्या बाजूला ठेवल्या तर उरलेल्या अकरा चिठ्ठ्यांचा प्रश्न एकच आहे, आणि त्याला सॅव्हेज यांनी दोन उत्तरं दिली होती. तेही विवेकी निवडीचे नियम लिहिणाऱ्या माणसानं! सॅव्हेज यांनी नंतर विचार करून ती आपली चूक मानली आणि उत्तर बदललं. आले यांचं म्हणणं मात्र, माणसं तशीच निवडतात आणि त्यात वेडेपणा नाही.

माझी कसोटी तीच. माणसाला त्याचा विरोध शांतपणे समोर मांडून दाखवा. 'अरे हो, चुकलंच' म्हणाला, तर ती चूक. 'तुला एक गोष्ट माहीत नाही' म्हणाला, तर खुर्ची ओढून बसा आणि ऐका.

आप्पाच्या बाबतीत मी बसलो. वहिनीनं कापसाच्या ढिगाला टेकूनच चहा दिला. आप्पा म्हणाला, "पैसा हातमा राहस नही. कापूस कोनी उसना मांगस नही."

मग त्यानं हिशेब सांगितला. आदल्या वर्षी माल विकून रोख आली, तर मेहुण्याला बोअरसाठी पन्नास हजार, एका मित्राला दवाखान्यासाठी वीस, आणि उरलेले मोटारसायकलीच्या हप्त्यात. पेरणीला पुन्हा कर्ज. कापूस घरात असला की नाही म्हणायची वेळच येत नाही. सगळ्यांना दिसतो, पण मागता कुणालाच येत नाही. म्हणजे माझा प्रश्नच अर्धा चुकला होता. मी 'कापूस' आणि 'तेवढे पैसे' यांना सारखं धरलं. आप्पासाठी ते सारखे नव्हते. उद्याचा मी आजच्या माझं ऐकणार नाही हे ओळखून आजच त्याचे हात बांधून ठेवायचे, हा विचार अर्थशास्त्रात रॉबर्ट स्ट्रॉट्झनं १९५५ मध्ये मांडला. खान्देशातल्या बायका तो सुगीचा पैसा आला की जळगावच्या सराफ बाजारात जाऊन अमलात आणतात. सोनं मोडायला जीव धजत नाही, तोच त्याचा उपयोग.

"मग विकून सोनं घे," मी म्हटलं.

"साठ हजारले टेकनं! गेल्या साली बावन्नले व्हतं. आते कोन लेई?"

इथं मात्र मी त्याला पकडलं. कापसाला गेल्या वर्षीचा चढा भाव डोक्यात धरून विकायचं नाही, आणि सोन्याला गेल्या वर्षीचा कमी भाव डोक्यात धरून घ्यायचं नाही. गेल्या वर्षीच्या आकड्यांचा पुढच्या भावाशी संबंध काय? कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये हेच सांगितलं होतं की माणूस एकूण किती आहे ते बघत नाही, मनातल्या एका खुणेपासून किती वर की किती खाली हे बघतो, आणि खाली जाण्याचं दुःख वर जाण्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं. हातातल्या वस्तूचाही असाच भाव चढतो. कानेमन, नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये छापलेल्या प्रयोगात साधे कॉफीचे मग काहींना दिले, काहींना नाही. ज्यांना मिळाले ते विकायला जी किंमत मागत होते, ती न मिळालेल्यांच्या तयारीच्या साधारण दुप्पट होती. कापूस तर स्वतः वेचून आणलेला.

आप्पा थोडा वेळ गप्प बसला. "हाई तुनी बात खरी शे," म्हणाला. मेहुण्याचा मुद्दा त्यानं सोडला नाही, दहा हजारांचा मात्र सोडला. निदान तोंडानं तरी.

मे महिन्यात त्याचा फोन आला. बियाण्याचे पैसे हवे होते, भाव सात हजारांवर आला होता, कापूस गेला. ओसरी मोकळी झाली म्हणून वहिनी खूश. मी तोंडावर आलेलं वाक्य गिळलं. पण आप्पाला गिळायची सवय नाही.

"आनि तुना त्या शेअरनं काय झायं?"

तीन वर्षांपूर्वी मी दोनशे चाळीसला एक शेअर घेतला होता आणि त्याच ओसरीत बसून त्याची बढाई मारली होती. संध्याकाळी मोबाईलवर बघितला. ९१. आज ९१ ला तो नव्यानं घेईन का? मुळीच नाही.

तो अजून माझ्या खात्यात आहे.